एका काळ्या कड्यासाठी अख्खे इंजिन

१/२४
धागा : जुन्या स्पोर्ट्स कारच्या पोटात दडलेला इतिहास

तळहातावर सहज मावेल असे एक कडे. वरचा भाग काळ्या ग्राफाइटचा, खालचा धातूच्या वाटीचा. संपूर्ण गाडीच्या किमतीशी तुलना केली तर याचे मोल नगण्य. पण एम.जी.बी. या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हे कडे झिजले की ते बदलण्यासाठी अख्खे इंजिन गाडीबाहेर काढावे लागते. दुसरी वाट नाही. त्या कड्याचे नाव क्लचचे रिलीज बेअरिंग. ही वाट अशी का झाली आणि त्या वाटेने जाणाऱ्याने कोणती जबाबदारी पत्करावी, हा या धाग्याचा विषय.

२/२४
जुन्या मोटारींबद्दलची चर्चा बहुधा रंग, वेग, शर्यती आणि लिलावातील किंमत एवढ्यातच फिरते. यंत्राचा खरा इतिहास मात्र चकाकणाऱ्या पृष्ठभागावर लिहिलेला नसतो. एखाद्या भागापर्यंत हात पोहोचायला किती बोल्ट सोडावे लागतात, यातही तो वाचता येतो. कारखान्याने कुठे पैसा वाचवला, कोणाच्या वेळेची किंमत मोजली, कोणाच्या वेळेची मोजली नाही, याची नोंद त्या वाटेत असते. म्हणूनच असा भाग बदलणे ही केवळ दुरुस्ती नव्हे; ते एक ऐतिहासिक साधन हाताळणे होय.

३/२४
प्रथम गाडीची ओळख. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस यांच्या गॅरेजातून, सेसिल किंबर यांच्या कल्पकतेने हे नाव पुढे आले. पुढे ॲबिंग्डन हे या गाड्यांचे घर झाले. तिथे सिड एनेव्हर यांच्या नेतृत्वाखाली एम.जी.बी.ची रचना झाली, डॉन हेटर यांनी तिचे रूप रेखाटले. सप्टेंबर १९६२ मध्ये ती लोकांसमोर आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत बनत राहिली. या अठरा वर्षांत तिची सर्व रूपे मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकेत गेला.

४/२४
आता क्लच. इंजिन फिरत असते, चाके कधी फिरावी लागतात, कधी थांबावी लागतात. या दोघांमधला दुवा हवा तेव्हा जोडणारी आणि हवा तेव्हा सोडणारी व्यवस्था म्हणजे क्लच. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट टेकलेली असते आणि प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते. चालकाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, फिरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्यभागी टेकते आणि स्प्रिंगचा दाब सोडवते. दुवा सुटतो, गिअर बदलता येतो.

५/२४
म्हणजे या कड्याचे काम विलक्षण आहे. ते स्वतः फिरत नाही, पण मिनिटाला हजारो वेळा फिरणाऱ्या भागावर त्याला टेकावे लागते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत यासाठी गोळ्यांचे बेअरिंग न वापरता ग्राफाइट वापरत. ग्राफाइट स्वतःच वंगण असते. तेल नको, ग्रीस नको. अट एकच : ते क्षणभरच टेकले पाहिजे. सिग्नलला गाडी उभी असताना क्लच दाबून बसणारा चालक ते कडे अक्षरशः उगाळत असतो. चंदनाचे खोड सहाणेवर झिजते, तसेच हे. आणि चंदनाप्रमाणेच, झिजलेले परत येत नाही.

६/२४
मग प्रश्न असा की, झिजण्यासाठीच बनवलेला भाग इतका दुर्गम जागी का ठेवला? उत्तर १९५५ ते १९६२ या काळातील तिच्या पूर्वज गाडीत सापडते. एम.जी.ए.ला स्वतंत्र पोलादी चौकट, म्हणजे चॅसी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली होती. एम.जी.बी.मध्ये ही चौकटच गेली. पत्र्याची बॉडी हीच गाडीचा कणा झाली. याला मोनोकॉक रचना म्हणतात. दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर ९४ इंचांवरून ९१ इंचांवर आले, तरीही आतील जागा वाढली. चालकाच्या दृष्टीने हा निखळ लाभ होता.

७/२४
या लाभाची किंमत गाडीच्या मध्यभागी चुकवली गेली. गिअरबॉक्स ज्या उंचवट्याखाली असतो तो बोगदा आता बॉडीचा ताकद देणारा अविभाज्य भाग झाला. तो वेल्ड केलेला पत्रा आहे. बोल्ट काढून उचलता येत नाही. क्लचला झाकणारे बेल हाउसिंग हे गिअरबॉक्सचे घंटेसारखे रुंद तोंड. त्या बोगद्यातून ते गिअरबॉक्ससह मागे सरकवून खाली उतरवता येत नाही. म्हणून मार्ग पुढूनच. एक तर इंजिन एकटे पुढे ओढून वर काढायचे, नाही तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने तिरपे करून वर उचलायचे.

८/२४
‘त्या काळी हेच तंत्र होते’ असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. कारण अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, लंडनच्या मोटार प्रदर्शनात ट्रायम्फ स्पिटफायर अवतरली. तीही लहान, उघडी, दोन आसनी, तशाच तरुण ग्राहकासाठी. पण तिचा गिअरबॉक्स काढायचा तर इंजिन हलवावे लागत नाही. आसने काढा, गालिचा गुंडाळा, मधला आधार सोडवा, बोगद्यावरचे सुटे झाकण उचला. गिअरबॉक्स समोर उघडा पडतो आणि प्रवासी बसतात त्या जागेतून, दाराच्या वाटेने बाहेर येतो.

९/२४
ट्रायम्फचे अभियंते अधिक दयाळू होते, असा निष्कर्ष इथे मोहक वाटेल. पण तो चुकीचा ठरेल. खरे कारण धंद्याच्या राजकारणात आहे. १९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी बी.एम.सी. या प्रतिस्पर्ध्याने ताब्यात घेतली. स्टँडर्ड-ट्रायम्फला अखंड बॉडी बनवून देणारा हात निसटला. म्हणून १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड ही स्वतंत्र चॅसीवर, वेगवेगळ्या ठिकाणी बनवलेले बॉडीचे तुकडे बोल्टने जोडून उभी केली गेली. स्पिटफायर त्याच हेराल्डच्या पायावर उभी राहिली. आज गॅरेजात मिस्त्रीला जी सोय वाटते, ती मुळात एका कंपनीची अडचण होती.

१०/२४
या कथेचा एक धागा भारतापर्यंत येतो. तुकड्यातुकड्यांनी जोडता येणारी गाडी परदेशात नेऊन उभी करणे सोपे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६० च्या दशकात हीच हेराल्ड ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून भारतीय रस्त्यांवर आणली. दुसरीकडे, हिंदुस्तान अँबेसेडरमध्ये दीर्घकाळ चाललेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बी.एम.सी.च्या बी-सिरीज घराण्याचे. एम.जी.बी.चे १७९८ सीसी इंजिन त्याच घराण्यातले. ज्या मिस्त्रींनी अँबेसेडरची इंजिने उघडली, त्यांना एम.जी.बी.चे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. परके वाटेल ते इंजिनापर्यंतचे नव्हे, तर क्लचपर्यंतचे अंतर.

११/२४
दुर्गमता हे स्वस्त गाडीचेच लक्षण, असेही नाही. १९६१ मध्ये जीनिव्हात जगाला थक्क करणाऱ्या जॅग्वार ई-टाइपचा क्लच बदलायचा तरी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच बाहेर काढावे लागतात. वरून काढायचे तर तिचे ते लांबलचक, देखणे बॉनेटही आधी उतरवावे लागते. तेव्हा महागडी गाडी सोपी आणि स्वस्त गाडी अवघड असे समीकरण नाही. समीकरण वेगळेच आहे : रचना करणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी कोणता प्रश्न मोठा होता?

१२/२४
ॲबिंग्डनच्या टेबलावर प्रश्न होता हलकेपणाचा, मजबुतीचा आणि आतल्या जागेचा. कारखान्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडूनच गाडीत बसत. तिथे क्लचपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला पुढे, हजारो मैलांनंतर, दुसऱ्याच कोणाच्या अंगणात. यात खलनायक शोधण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे : जोडणाऱ्याचा वाचलेला वेळ नाहीसा होत नाही, तो दुरुस्त करणाऱ्याच्या खात्यावर चढतो. आजच्या चिकटवून बंद केलेल्या फोनबद्दल जी तक्रार तरुण पिढी करते, तिचे बीज इतके जुने आहे.

१३/२४
फरक मात्र एक आहे, आणि तो एम.जी.बी.च्या बाजूने आहे. तिची वाट लांब आहे, पण बंद नाही. क्रम सरळ आहे. बॅटरीची जोडणी सोडवा. पाणी आणि तेल काढा. बिजागरीच्या खुणा करून बॉनेट उतरवा. रेडिएटर आणि त्याचा आधाराचा पत्रा काढा. दोन्ही एस.यू. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, स्टार्टर, तारा, नळ्या सोडवा. क्लचचा खालचा हायड्रॉलिक सिलिंडर त्याची नळी न तोडता बाजूला बांधून ठेवा. प्रत्येक बोल्ट दिसतो, प्रत्येकाला पाना लागतो. कुठेही कंपनीच्या परवानगीची किल्ली लागत नाही.

१४/२४
गिअरबॉक्ससह काढायचे तर आतून गिअरची दांडी, खालून प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल आणि मागचा आडवा आधार सोडवावा लागतो. ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याची तारही. मग चेन-कप्पीने ते जड धूड तिरपे करत बाहेर घ्यायचे. इंजिन एकटेच काढायचे असेल तर गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार अनिवार्य. शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत कोणाचेही वजन त्या शाफ्टवर लटकू द्यायचे नाही. नाही तर प्लेट वाकते. इंजिन टांगलेले असताना त्याच्याखाली हात किंवा पाय घालणे हा पराक्रम नव्हे, वेडेपणा आहे.

१५/२४
आणि मग तो क्षण येतो, ज्यासाठी हा सारा खटाटोप. बेल हाउसिंग उघडे पडते. जे दिसते ते बहुतेक मालकांनी कधीच पाहिलेले नसते. पुरातत्त्वज्ञ मातीचे थर वाचतो, तसे इथे थर वाचता येतात. काळी कोरडी भुकटी म्हणजे झिजलेली प्लेट आणि ग्राफाइट. तेलकट चिखल म्हणजे इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूने गळती. फ्लायव्हीलवरचे निळसर डाग म्हणजे घसरत्या क्लचची उष्णता. एकाच बाजूने झिजलेले कडे म्हणजे फोर्कचा सैल झालेला सांधा. चालवणाऱ्यांच्या सवयी इथे नोंदल्या गेल्या आहेत, त्यांच्या नकळत.

१६/२४
गाडीची जन्मवेळही इथे तपासता येते. सुरुवातीच्या एम.जी.बी.च्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली. १९६७ पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. त्यानंतर चारही गिअरना मिळाले. नवा गिअरबॉक्स बसावा म्हणून बॉडीतला बोगदाही रुंद करावा लागला. म्हणजे कागदपत्रे काहीही सांगोत, १९६५ च्या बॉडीत पुढच्या काळातला गिअरबॉक्स कोंबलेला असेल तर पत्र्यावरच्या खुणाच साक्ष देतील. यंत्र सहसा खोटे बोलत नाही. बोलतो तो विक्रेता.

१७/२४
बदलण्याचे काम पोहोचण्याच्या तुलनेत लहान आहे. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडेथोडे सैल करायचे. आठ इंची नवी प्लेट योग्य तोंडाने बसवायची आणि गिअरबॉक्सच्या जुन्या शाफ्टने किंवा तशाच मापाच्या दांड्याने अचूक मध्यभागी धरायची. मध्य चुकला तर गिअरबॉक्स पुन्हा बसतच नाही. बोल्ट त्याच क्रमाने आवळायचे. नवे कडे फोर्कवर बसवून त्याच्या दोन्ही स्प्रिंग-क्लिपा नीट अडकल्या आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी नव्हे, बोटांनी तपासायचे. एक क्लिप निसटली, तर सगळी यात्रा पुन्हा.

१८/२४
म्हणून अनुभवी हात एक नियम पाळतात : दार उघडले आहे तोवर घर झाडून घ्यावे. कडे एकटेच झिजलेले असले तरी प्लेट, प्रेशर प्लेट, क्रँकच्या टोकातील बुश, फोर्कच्या खिळीचे बुश आणि गळणारे सील यांची तपासणी तेव्हाच करायची आणि शंकास्पद असेल ते तेव्हाच बदलायचे. यातला एखादा स्वस्त भाग वाचवणारा मनुष्य काटकसरी नसतो. तो पुढच्या वेळचे इंजिन काढण्याचे कर्ज आजच काढत असतो. दुर्गमतेने दुरुस्तीला दिलेली ही शिस्त आहे आणि ती सोप्या गाड्यांनी फारशी शिकवलेली नाही.

१९/२४
आता वादाचा मुद्दा. बाजारात ग्राफाइटच्या कड्याऐवजी गोळ्यांचे बेअरिंग मिळते. त्याचे समर्थक म्हणतात : आजच्या शहरांत सिग्नल आहेत, कोंडी आहे, १९६२ चे मोकळे रस्ते नाहीत. ग्राफाइट झिजते, गोळ्यांचे बेअरिंग फिरत राहते. दर वेळी इंजिन काढण्यापेक्षा एकदाच आधुनिक भाग बसवावा. बेल हाउसिंगच्या आत कोण पाहतो? हा युक्तिवाद हलक्याने घेण्याजोगा नाही. गाडी चालती राहावी हीच इच्छा त्यामागे आहे, आणि चालती गाडी ही धूळ खात पडलेल्या गाडीपेक्षा इतिहासाच्या अधिक कामाची असते.

२०/२४
तरीही तो अपुरा आहे, आणि आधी यंत्रशास्त्राच्याच कारणाने. एम.जी.बी.चा फोर्क एका खिळीभोवती झुलतो. त्यावरचे कडे सरळ रेषेत पुढे जात नाही, किंचित कमानीत जाते. ग्राफाइटचा सपाट चेहरा समोरच्या पृष्ठभागावर अलगद घसरून ही कमान सामावून घेतो. गोळ्यांच्या बेअरिंगला केंद्र धरून फिरायला हवे. त्याच फोर्कवर नुसते बसवले तर ते केंद्र सोडून घासते. ज्या संचात बेअरिंगला सरळ रेषेत नेणारी मार्गिका दिलेली असते त्यात हा दोष टळतो. पण मग तो केवळ एक भाग राहत नाही. ती रचनेची पुनर्मांडणी होते. ग्राफाइट हे मागासलेले बेअरिंग नव्हे. ते त्या फोर्कचे अचूक उत्तर होते.

२१/२४
दुसरे कारण इतिहासाचे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद प्रमाण मानली जाते. त्याच विचारातून प्रेरणा घेऊन जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. वाहन रस्त्यावर चालणे हाही जतनाचाच भाग, असे ती मानते. पण केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा आग्रहही धरते. ‘आत कोण पाहतो?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : पुढचा उघडणारा पाहतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर पूर्वी सद्हेतूनेच वॉर्निश चढवले गेले आणि पुढच्या पिढीला ते काढत बसावे लागले. सद्हेतू हा नोंदीला पर्याय नसतो.

२२/२४
या सगळ्याला आज निकड आहे. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. त्यानंतर सुटे भाग जगले ते काही लोकांच्या चिकाटीने. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने साचे शोधून १९८८ पासून एम.जी.बी.ची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा बनवायला घेतली. पण नाव तेच असले म्हणून प्रत्येक नवा भाग जुन्याच्या गुणाचा असतो असे नाही. ठिसूळ ग्राफाइट, वाटीत नीट न बसलेले कडे, मऊ क्लिपा हे दोष स्वस्त नकलांत असू शकतात आणि ते उघडकीस येतात इंजिन परत बसवल्यावर. म्हणून मूळ भागाशी नवा भाग ताडून पाहणारा डोळा हवा. मूळ भाग फेकून दिला, तर तो डोळा कशावर तयार होणार?

२३/२४
म्हणून आग्रह तीन गोष्टींचा असावा. पहिली : मूळ फोर्क शाबूत असेल तर चांगल्या प्रतीचे ग्राफाइटचेच कडे बसवावे आणि सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्लचवरून पाय काढावा. यंत्र बदलण्याआधी सवय बदलावी. दुसरी : काढलेले जुने कडे तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून डबीत जपावे. तिसरी : काय आढळले, काय बदलले, काय तसेच ठेवले, याचे एक पान गाडीच्या कागदपत्रांत लावावे. आधुनिक बेअरिंग बसवलेच, तर तेही त्या पानावर लपवाछपवी न करता लिहावे. खर्च कागदाच्या एका पानाचा. उपयोग पुढच्या पन्नास वर्षांचा.

२४/२४
इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांसमोर येतात. पण एका कंपनीने दुसरीचा पुरवठादार विकत घेतला म्हणून एका गाडीचा गिअरबॉक्स आसनाच्या बाजूने निघतो, आणि तीन इंच वाचवून आतली जागा वाढवणाऱ्या रचनेमुळे दुसरीचे इंजिन उचलावे लागते, हाही इतिहासच. १९६८ मध्ये एम.जी. आणि ट्रायम्फ दोन्ही नावे ब्रिटिश लेलँड या एकाच छत्राखाली आली. तरी त्यांच्या बोगद्यांतला फरक १९८० पर्यंत, दोन्ही गाड्या संपेपर्यंत, तसाच राहिला. सह्यांनी कंपन्या एक होतात. पत्रा आपली आठवण सोडत नाही. ती वाचण्यासाठी पाना हातात घेणारे लोक उरले पाहिजेत, आणि त्यांनी काय वाचले हे लिहून ठेवले पाहिजे.

धागा समाप्त.